बैठक कमी, बैठका जास्त



आपल्या भाषेत 'बैठक' या एका शब्दाचे तीन अर्थ होतात. एक, संचालक मंडळाची किंवा गावच्या सोसायटीची बैठक. दुसरी, घरातल्या पुढच्या खोलीत गाद्या-लोड टाकून केलेली बैठक. आणि तिसरी, तालमीत तांबड्या मातीवर मारायची बैठक, जिच्या मागे 'जोर' हा शब्द आपोआप येतो. गेल्या चाळीस वर्षांत आपल्या कार्यक्षेत्रात पहिल्या दोन बैठका सारख्या वाढत गेल्या आणि तिसरी आटत आटत गेली. तालमीच्या इमारती आहेत, त्यांना रंगही दिलेला असतो, पण मातीवर पाय पडत नाहीत. हा लेख त्या हिशेबासंबंधी आहे.

पत्रिकेत आपण लागणीविषयी, खोडव्याविषयी, पाचट कुजविण्याविषयी वाचतो. सभासदाच्या शरीराविषयी क्वचितच काही छापून येते. तशी गरज आता निर्माण झाली आहे. आपल्या आसपास पंचेचाळिशी-पन्नाशीतली माणसे पाहा. कुणाला रक्तदाब आहे, कुणाला साखर, कुणाच्या छातीत स्प्रिंग बसविलेली. पूर्वी हे दुखणे शहरातल्या शेठजींचे म्हणून सांगत. आता ते बांधावर येऊन बसले आहे. 'बसले आहे' हा शब्द मुद्दामच वापरला.

साखर कारखान्याच्या पत्रिकेत साखरेच्या आजारावर लिहायचे म्हणजे जरा अवघडच. कोणी म्हणेल, आपल्याच मालाची बदनामी कशाला? माझे मत असे की आपला माल चांगला आहे, पण चांगला माल पचवायला पायांना काम लागते. ज्या पिढीने चहात दोन दोन चमचे साखर घालून, वर गुळाचा खडा खाऊन मधुमेह पाहिला नाही, ती पिढी दिवसाकाठी किती चालत होती ते आठवा. साखर निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. फक्त तिच्या एकटीच्या माथी सगळे मारून आपण खुर्चीत बसून राहायचे, हे काही खरे नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेहाचे रुग्ण सुमारे १० कोटी, आणि त्याच्या उंबरठ्यावर उभे असलेले आणखी १३ कोटींहून अधिक. हे सगळे काही मुंबई-पुण्याला राहत नाहीत.

यावर काही सभासद म्हणतात, 'आमच्या अंगावर कुठे चरबी आहे? आम्ही सडपातळ.' तेही तपासून पाहिले गेले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडातले त्यांचे सहकारी डॉ. युडकिन या दोघांनी एकमेकांची मापे घेतली. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३. पण अंगातली चरबी इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के! दोघांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापला गेला. तेव्हा सडपातळ दिसणाऱ्या आपल्या माणसाने काट्यावरच्या आकड्यावर विसंबू नये. वजनकाट्याचा आणि साखर उताऱ्याचा फरक ऊस उत्पादकाला वेगळा समजावून सांगायला नको.

आता मूळ विषयाकडे येऊ. आपण बसू का लागलो?

आळस हे उत्तर सोपे आहे, पण ते अर्धवट आहे. आपल्या समाजात बसणे हा मान आहे. राजा गादीवर बसतो. पाटील लोडाला टेकून बसतो. निवडून आला की 'खुर्ची मिळाली' म्हणतात आणि पडला की 'खुर्ची गेली'. पाहुणा आला की पहिला शब्द 'बसा'. मुलीला स्थळ पाहताना 'बैठी नोकरी आहे' हे गुणात धरले जाते. आपल्या वडिलांनी उन्हातान्हात मोट हाकताना आपल्याला हेच सांगितले ना, की 'शीक बाबा, म्हणजे खुर्चीत बसशील'? ज्याला आयुष्यभर बसायला मिळाले नाही त्याने मुलासाठी बसणे मागितले, यात चूक काही नाही. उलट सहकाराने आपल्याला जी काही थोडी सावली दिली, तिचा अर्थच हा की शेतकऱ्याला दिवसातून दोन घटका टेकता यावे. १९५०-५१ साली प्रवरेचा कारखाना सुरू झाला तेव्हा विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी पाहिलेल्या स्वप्नात सावकाराच्या ओसरीवर ताटकळत उभे राहणाऱ्या शेतकऱ्याला स्वतःच्या कारखान्यात मालक म्हणून बसविण्याची गोष्ट होती. ती साधली. म्हणूनच 'आता उठा' असे म्हणणे जड जाते. म्हातारी माणसे चिडून म्हणतात, 'आम्ही जन्मभर राबलो, आता तरी बसू द्या की!' त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण बसण्याचा मान वेगळा आणि सकाळपासून रात्रीपर्यंत बूड न हलविणे वेगळे. या दोन्हींची गल्लत झाली आहे.

एका अडसाली उसाच्या प्लॉटवर पूर्वी किती पावले पडत होती ते मोजू. नांगरटीला बैलांमागे चालणे. सऱ्या सोडल्या की पुन्हा चालणे. बेणे डोक्यावर वाहून नेणे, पायाने दाबत लागण करणे. पाण्याची पाळी आली की रात्री कंदील घेऊन दारं धरायला जाणे, एक सरी भरली की दुसरीला बारे फोडणे. भांगलण, बांधणी, खताची पाटी. आता नांगरट ट्रॅक्टरची, तीही भाड्याच्या. सरी ट्रॅक्टरची. ठिबक बसविले, तर पाणी देणे म्हणजे कॉक फिरविणे. मोटारीला मोबाईलवरचा स्टार्टर बसविला, तर तेवढेही नाही. अंथरुणातून बटण दाबले की तिकडे विहिरीवर मोटार चालू. तणनाशकाने भांगलण गेली. तोडणी टोळीची, किंवा हार्वेस्टरची. मालकाच्या वाट्याला काय उरले? चिठ्ठी, बिल, बँक आणि पार. आणि पाराकडेही मोटारसायकलवर! घरापासून पानाच्या टपरीपर्यंत जेमतेम दोनशे पावले असतील, पण गाडीला किक मारल्याशिवाय माणूस उंबरा ओलांडत नाही.

हे सगळे मोडून परत मोट हाका असे कोणी शहाणा म्हणणार नाही. रात्रीच्या थ्री फेजच्या पायी अंधारात साप-विंचवात जाणाऱ्या शेतकऱ्याला त्या मोबाईल स्टार्टरचे मोल काय आहे, ते ज्याचे त्याला माहीत. ठिबकाने पाणी वाचते, खत वाचते. माझा मुद्दा एवढाच की यंत्राने आपले काम काढून घेतले तेव्हा त्याबरोबर आपली चालही काढून घेतली, आणि तिची भरपाई आपण कशानेही केली नाही. बैल विकला तरी दावण रिकामी झाल्याचे दिसते. चालणे गेलेले दिसत नाही.

यात शेताचेही नुकसान आहे. २००२ साली सांगली भागात उसावर लोकरी मावा प्रथम आढळला आणि पाहता पाहता राज्यभर पसरला. पानामागचा पांढरा कापूस फटफटीवरून दिसत नाही. हुमणीने खाल्लेले बेट फडाच्या आत पिवळे पडले तर ते कडेवरून दिसत नाही. उंदराने कुरतडलेला ऊस, बुजलेला ड्रीपर, फुटलेली लॅटरल या सगळ्या गोष्टी सरीतून चालणाऱ्याला सापडतात. बांधावर गाडी उभी करून 'ऊस झकास आहे' म्हणणाऱ्याला त्याच्या उसाची खरी हकीगत तोडणी आल्यावर मुकादमाकडून कळते.

बसण्याचा आणि हृदयाचा संबंध पहिल्यांदा मोजून दाखविला तो बसगाडीनेच, हा योगायोग गमतीचा आहे. लंडनमध्ये दुमजली बसगाड्या असतात. डॉ. जेरी मॉरिस यांनी तिथल्या ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना करून १९५३ साली निष्कर्ष छापले. ड्रायव्हर पाळीभर बसलेला. कंडक्टर तिकिटे फाडत दिवसाकाठी पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. दोघे एकाच गाडीत, एकाच खात्यात, एकाच हवेत. तरी कंडक्टरांना हृदयविकाराचे झटके बरेच कमी, आणि आले तरी उशिरा व सौम्य. मॉरिससाहेब प्रामाणिक माणूस. त्यांनी पुढे १९५६ साली गणवेशाच्या मापांची दप्तरे काढली, तेव्हा दिसले की ड्रायव्हर झालेल्यांची कंबर नोकरीच्या सुरुवातीपासूनच जरा मोठी होती! म्हणजे सगळा दोष सीटचा नव्हता. तरीही पुढच्या सत्तर वर्षांत निरनिराळ्या देशांत जे मोजमाप झाले त्याने मूळ गोष्ट पक्की केली, की न हलणारे शरीर लवकर गंजते. स्वतः मॉरिस नव्याण्णव वर्षे जगले. आपल्या एस. टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला गेली. तेव्हापासून आपणही हे दोन नोकर रोज पाहत आलो, पण तुलना करण्याचे आपल्याला सुचले नाही.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, ठरले तर मग, सगळ्यांनी उठायचे. तिथेच थोडे थांबायला हवे. त्यासाठी मी आपल्याला भिवंडीला घेऊन जातो.

आपल्या भागातील बरीच पोरे आता भिवंडीच्या गोदामांत आणि ट्रान्सपोर्टमध्ये कामाला आहेत, त्यामुळे गाव अगदीच अनोळखी नाही. आपण इचलकरंजी जाणतो. भिवंडी हे तिचेच मोठे भावंड समजा. ठाण्याकडून गावात शिरताना धामणकर नाका लागतो. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोच्या मार्गात या नाक्याच्या नावाचे स्थानकही आखलेले आहे. नाक्यावर उभे राहिले की रिक्षांचे भोंगे एका कानात आणि आतल्या गल्ल्यांतून येणारी मागांची खटखट दुसऱ्या कानात. जवळच पद्मानगर, तेलंगणातून आलेल्या विणकरांची जुनी वस्ती. हमाल, टेम्पोवाले, धाग्याची पोती, कापडाचे तागे, चहाच्या किटल्या. या एका नाक्यावर महाराष्ट्रातले सगळे बसणे आणि सगळे उभे राहणे पाहून घ्यावे.

मागाच्या गाळ्यात डोकावले तर चित्र असे दिसते. दोन ओळींत माग लावलेले, मधून एक माणूस जाईल एवढी बोळ. एका कामगाराकडे चार, सहा, कुठे आठ माग. धोट्यातली कांडी संपली की बदलायची, ताण्याचा धागा तुटला की गाठ मारायची, की लगेच पुढच्या मागाकडे. बारा तासांची पाळी. पैसे मीटरवर, म्हणजे माग थांबला की कमाई थांबली. बसायचे कसे, आणि बसायचे कुठे? बोळीत स्टूल ठेवायला जागा नाही. बारा तास तो माणूस येरझारा घालतो. आणि त्याच गाळ्याच्या तोंडाशी, काचेआड, शेठ आणि त्याचा मेहता बारा तास बसलेले. वही, फोन, चहा, फोन. बाहेर नाक्यावर रिक्षावाला बसलेला, आणि वाहतूक तुंबली की ट्रकचा ड्रायव्हर तासच्या तास जागेला खिळलेला. संध्याकाळी यातले बरेच जण एकाच डॉक्टरच्या दवाखान्यात भेटत असतील. शेठला साखर, ड्रायव्हरला पाठ, कामगाराला पायाच्या फुगलेल्या शिरा. डॉक्टरने सर्वांना एकच चिठ्ठी लिहून दिली, 'रोज चाला', तर कामगाराने हसावे की रडावे?

एक गोष्ट इथे नोंदविण्यासारखी आहे. भिवंडी मूळची हातमागाची. खड्ड्याच्या हातमागावर विणकर बसून काम करतो, पण त्याचे पाय खड्ड्यात पावड्या दाबत असतात आणि हात धोटा फेकत असतात. म्हणजे बसलेला असूनही तो हलत असतो. यंत्रमाग आला, विजेने पावड्यांचे काम घेतले. मग मालक पूर्ण बसला आणि कामगार पूर्ण उभा राहिला. पूर्वी एकाच अंगात असलेले बसणे आणि हलणे यंत्राने फोडून दोन माणसांत वाटले, आणि दोघांनाही अर्धेच दिले.

उभे राहण्याचेही दुखणे असते, याला पुरावा आहे. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात ७,३२० कामगारांवर बारा वर्षे लक्ष ठेवून २०१८ साली जे छापले गेले त्यात बहुतांशी उभ्याने काम करणाऱ्यांना हृदयविकार होण्याचे प्रमाण बहुतांशी बसून काम करणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट निघाले. इटलीतले वैद्य रामाझ्झिनी यांनी तर १७०० साली कामगारांच्या रोगांवरच्या ग्रंथात दोघांचीही गाऱ्हाणी लिहून ठेवली आहेत. शिंपी-मोच्यांना त्यांनी सुट्टीच्या दिवशी अंग हलवायला सांगितले, आणि सतत उभे राहणाऱ्यांना मधूनमधून टेकायला. आपल्या देशात १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ४४ अन्वये उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय करण्याची सक्ती होती. केरळने २०१८ साली आणि तामिळनाडूने २०२१ साली दुकानांतल्या नोकरांना बसण्याचा हक्क कायद्यात घातला, कारण साड्यांच्या दुकानांतल्या बायका दहा-बारा तास उभ्या राहत आणि ग्राहक नसला तरी त्यांना बसू देत नसत.

दुसरा दाखला तागाच्या गिरणीचा. ज्या तागाच्या पोत्यांत आपली साखर वर्षानुवर्षे भरली गेली, त्या तागाच्या बंगालमधल्या एका गिरणीत जाँ मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१३ माणसांचे खाणे, वजन आणि काम तपासले. ते १९५६ साली छापले. कष्टाचे काम करणारे जास्त खात आणि अंगाने बेताचे राहत, यात नवल नाही. पण अगदी बैठे काम करणारे हलके काम करणाऱ्यांपेक्षा कमी खात असतील असे वाटते ना? तसे नव्हते. ते जास्तच खात, आणि वजनही त्यांचेच जास्त. न हलणाऱ्या शरीराला आपल्याला किती खायचे आहे हेही नीट कळेनासे होते. बैठकीतल्या चिवड्याच्या बशा कशा रिकाम्या होतात ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे पटेल.

तेव्हा 'कमी बसा' हा उपदेश कोणाला करायचा ते आधी ठरवू. आपल्या फडात पहाटे चारला कोयता घेऊन उतरणाऱ्या जोडप्याला तो करायचा नाही. वाकून तोडणी, मोळी बांधून डोक्यावर, फळीवरून ट्रॉलीत चढणे, मग कोपीवर जाऊन स्वयंपाक. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, त्यात १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. ज्या बाईला पाळीच्या दिवसांतही टेकायला मिळत नाही, खाडा झाला की पैसे कापले जातात, तिच्यापुढे व्यायामाचे महत्त्व सांगणाऱ्याने आधी आपली जीभ आवरावी. तिला बसण्याची सावली, पाणी आणि आडोसा हवा. ऊस आपला आहे, फड आपला आहे. फडाच्या कडेला चार तासांसाठी एक ताडपत्री बांधायला कारखान्याच्या ठरावाची वाट पाहावी लागत नाही. आपल्या घरातल्या बायकांचेही तेच. 'घरीच असते' असे आपण जिच्याविषयी म्हणतो ती सकाळी पाचपासून उभी असते आणि सगळ्यांची पाने उठल्यावर शेवटी बसते.

आणि यार्डातला ट्रॅक्टर ड्रायव्हर? हंगामाच्या भरात नंबर लागेपर्यंत त्याचा अख्खा दिवस, कधी रात्रही, त्या लोखंडी सीटवर जाते. रस्त्याचे धक्के, मागे दोन ट्रॉल्यांचा ओढ, आणि यार्डात आला की फूट-फूट पुढे सरकण्यासाठी जागा सोडायची सोय नाही. त्याचे बसणे हे काही आरामाचे बसणे नव्हे. आपल्या कारखान्याने वजनकाटा संगणकावर घेतला, चिठ्ठी मोबाईलवर घेतली. मग नंबर जवळ आला की ड्रायव्हरच्या मोबाईलवर निरोप जावा, तोपर्यंत त्याला खाली उतरून पाय मोकळे करता यावेत, पाठ टेकता यावी, अशी व्यवस्था का होऊ नये? याने गाळपात काही खोट येणार नाही. झालाच तर पेंगुळलेल्या ड्रायव्हरांमुळे रस्त्यावर होणारे अपघात कमी होतील.

आता राहिलो आपण, म्हणजे बिल घेणारे, पारावर बसणारे, समित्यांवर असणारे. उपदेश आपल्यासाठी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जी मार्गदर्शक तत्त्वे दिली त्यांत प्रौढ माणसाला आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम सांगितले आहेत, आणि त्याबरोबर बसण्याचा वेळ कमी करा, थोडे हलणे हेही काहीच न हलण्यापेक्षा बरे, असे म्हटले आहे. दहा लाखांहून अधिक माणसांच्या माहितीवरून २०१६ साली असे दिसले की दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त बसणाऱ्याचा वाढीव धोका भरून काढायला रोज तासभर ते सव्वा तास झपाझप चालावे लागते. एवढा वेळ सर्वांना जमणार नाही, हे मान्य. मग दुसरा मार्ग सोपा आहे. ऑस्ट्रेलियात २०१२ साली केलेल्या एका प्रयोगात माणसांना तासन् तास बसवून ठेवले, पण दर वीस मिनिटांनी फक्त दोन मिनिटे चालवले. तेवढ्यानेही जेवणानंतर रक्तात चढणारी साखर बरीच कमी चढली. आपल्या आजोबांना हे कोणी प्रयोगशाळेतून सांगितले नव्हते, पण जेवणानंतरची शतपावली त्यांच्या घरात होती. शब्द अजून आपल्या तोंडी आहे, पावले मात्र गेली. जेवण झाले की हात धुतानाच मोबाईल हातात येतो आणि माणूस सोफ्यावर आडवा. शतपावली परत आणायला पैसा लागत नाही, मशीन लागत नाही, अंगणाची गरज असते, आणि ते अजून तरी आपल्याकडे आहे.

बसण्याची जुनी रीतही काही वाईट नव्हती. आफ्रिकेत टांझानियात हाडझा नावाचे शिकार-कंदमुळांवर जगणारे लोक आहेत. २०२० साली त्यांची पाहणी झाली तेव्हा कळले की तेही दिवसाचे जवळजवळ दहा तास विसावलेलेच असतात. आपल्याइतकेच! पण ते उकिडवे बसतात, गुडघ्यांवर बसतात. त्यामुळे विसाव्यातही पायांचे स्नायू थोडे काम करीत राहतात. आपणही जमिनीवर मांडी घालून जेवत होतो, उकिडवे बसून बीडी ओढत होतो. (बीडी सोडली ते फार चांगले केले. उकिडवे बसणे मात्र तिच्याबरोबर सोडायला नको होते.) प्लॅस्टिकची खुर्ची आली आणि गुडघा काटकोनात गोठला. ज्यांचे गुडघे झिजले आहेत त्यांनी मात्र हा हट्ट करू नये. खुर्चीतूनच दर अर्ध्या तासाने उठावे. ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरला विचारूनच चाल वाढवावी.

वारीचा दाखला काही मंडळी देतात. आळंदी ते पंढरपूर पायी गेलो, वर्षाचे चालणे झाले! माउली क्षमा करोत, पण शरीराचा हिशेब वार्षिक नसतो. ते खोडव्यासारखे आहे, आषाढात एकदा पाणी दिले आणि पुढे पाळीच चुकवली तर काय उगवेल? वारीत जो पाय अडीचशे किलोमीटर चालू शकला तो घरी आल्यावर डेअरीपर्यंत चालायला का कुरकुरतो, एवढेच विचारायचे आहे.

माझी सूचना साधी आहे. मोटारसायकल शेताच्या रस्त्याला लावावी आणि आठवड्यातून निदान दोनदा आपल्या प्रत्येक प्लॉटची सरीतून फेरी मारावी. डेअरीला दूध घालायला, पानपट्टीला, देवळात पायी जावे. गट ऑफिसात चिठ्ठीची चौकशी करायला गेल्यावर दोन तास बाकावर बसण्यापेक्षा बाहेर झाडाखाली फिरत बोलावे. राजकारण चालताना जास्त चांगले सुचते. पोरांना शाळेच्या फाटकापर्यंत गाडीवर सोडणे बंद करावे, त्यांचे पाय अजून कोवळे आहेत आणि सवय आत्ताच लागते.

राहिली कारखान्याची बाब. या अंकाच्या निमित्ताने संचालक मंडळापुढे मी पुढील गोष्टी ठेवतो. मंडळाची आणि उपसमित्यांची बैठक पाऊण तास झाली की पाच मिनिटे सर्वांनी उठावे, आणि चहा तेव्हाच, उभ्याने व बिनसाखरेचा मागणाऱ्याला बिनसाखरेचा द्यावा. शेती खात्याच्या कर्मचाऱ्यांनी प्लॉटची नोंद गाडीवरून न घेता फडात उतरून घ्यावी. साखर विक्रीच्या खिडकीवर आणि गेटवर पाळीभर उभ्या राहणाऱ्या आपल्या नोकरांना प्रत्येकी एक उंच स्टूल द्यावे. यार्डात ड्रायव्हर-गाडीवानांसाठी पत्र्याची शेड, बाक आणि वर सांगितलेली निरोपाची व्यवस्था हंगाम सुरू होण्यापूर्वी करावी. आणि वार्षिक सर्वसाधारण सभेच्या दिवशी मांडवाच्या तोंडाशी वजन, कमरेचे माप, रक्तदाब आणि साखर तपासण्याचे टेबल लावावे. सभासद सही करायला येतोच, बोटावर शाई लावण्याऐवजी एक थेंब रक्त द्यायला कोणाची हरकत असू नये.

सभेच्या मांडवात मागच्या बाजूला पंधरा-वीस फूट जागा खुर्च्यांवाचून मोकळी सोडावी, म्हणजे ज्यांना उभ्याने किंवा येरझारा घालत अहवाल ऐकायचा आहे त्यांची सोय होईल. पुढच्या रांगा वयोवृद्ध सभासदांना आणि महिलांना राखाव्यात. तिथे हल्ली कोण बसते ते सर्वांना ठाऊक आहे. ज्या सभासदांना यात काही कमी-जास्त सुचवायचे असेल त्यांनी आपापल्या गट ऑफिसात लेखी द्यावे, आणि जमल्यास ते कागद पायी नेऊन द्यावेत.